प्रवाळभित्ती आणि तापणारा समुद्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्र तापतोय आणि प्रवाळं मरताहेत, हे आता बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. पण ती मरतात म्हणजे नेमकं काय होतं, पुन्हा उभी राहतात का, आणि माणसाने काही केलं तर फरक पडतो का, याबद्दल बराच गोंधळ असतो. पुढचे प्रश्न त्यासाठी. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

प्रवाळ म्हणजे दगड, वनस्पती की प्राणी?

प्राणी. जेलीफिश आणि सी-ॲनिमोन यांचा नातेवाईक. एक पॉलिप म्हणजे बहुधा काही मिलिमीटरची मऊ पिशवी, वर तोंड आणि तोंडाभोवती दंश करणाऱ्या पेशींनी भरलेले स्पर्शक. असे हजारो पॉलिप एकमेकांना जोडून एक वसाहत होते आणि प्रत्येक पॉलिप आपल्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा घडवत राहतो. आपल्याला दगड दिसतो तो हा सांगाडा, आणि असे सांगाडे साचून बनते ती प्रवाळभित्ती. जिवंत भाग त्याच्यावरचा पातळसा थर, तेवढाच.

वनस्पतीचा भास होतो त्यालाही कारण आहे. उथळ, उबदार पाण्यातल्या भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमान प्रवाळाला देतं. अनेक जातींची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज अशी भागते. बदल्यात शैवालाला आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि प्रवाळाच्या उत्सर्जनातलं नायट्रोजन-फॉस्फरस मिळतं. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंगही मुख्यतः या शैवालाचाच. पुढे जे काही सांगायचं आहे ते सगळं या भागीदारीभोवती फिरतं, म्हणून हे आधी लक्षात घ्यायला हवं.

मग सगळ्या प्रवाळांना ऊन लागतं का?

नाही. थंड, काळोख्या पाण्यात शैवालाशिवाय जगणारी प्रवाळंही आहेत. ती वाहत येणारे अन्नकण आणि सूक्ष्म जीव पकडतात. नॉर्वेजवळची रॉस्ट भित्ती २००२ मध्ये सापडली, ती तब्बल ३५ किलोमीटरहून लांब आहे. त्यांचे शत्रू वेगळे आहेत, विशेषतः समुद्रतळ खरवडत जाणारी ट्रॉलरची जाळी. या पानावर यापुढे उबदार पाण्यातल्या भित्तींबद्दलच बोलू.

एवढ्या मोठ्या भित्ती तयार व्हायला किती काळ लागतो?

घट्ट, गोलाकार वाढणारी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, कधी त्याहूनही कमी. फांद्यांची प्रवाळं वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा जास्तही वाढतात, पण वादळात तीच आधी मोडतात. आणि वाढ ही हिशेबाची एकच बाजू झाली. स्पंज, शंख-शिंपले, सी-अर्चिन आणि पोपट मासे सांगाडा सतत पोखरत, कुरतडत असतात. भित्ती उंचावते ती या दोन्हींतल्या फरकाने. बांधकाम मंदावलं आणि झीज तशीच राहिली, तर भित्ती खचू लागते. वरवर पाहणाऱ्याला ते अनेक वर्षं कळतही नाही.

ही झीज नासाडी नव्हे. मालदीवमधल्या एका बेटाभोवतीच्या वाळूचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला, तेव्हा नव्याने तयार होणाऱ्या गाळापैकी सुमारे ८५ टक्के पोपट माशांनी चघळून बाहेर टाकलेला निघाला. तिथे माणसं ज्या जमिनीवर उभी राहतात, ती बऱ्याच अंशी माशांच्या पोटातून आलेली आहे.

दीर्घकाळाचं चित्र चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडलं. ज्वालामुखी बेट हळूहळू खचतं, त्याच्या कडेची भित्ती मात्र वर वाढत राहते. आधी किनाऱ्याला लागून, मग किनाऱ्यापासून दूर सुटलेली, आणि शेवटी बेट बुडाल्यावर उरतं ते कंकणाकृती प्रवाळद्वीप. त्या काळी खोल छिद्र घेऊन तपासण्याची सोय नव्हती. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटोक द्वीपावर ते घेतलं गेलं आणि सुमारे १,४०० मीटर चुनखडकाखाली ज्वालामुखीचा बेसाल्ट लागला.

पोषकद्रव्यं नसलेल्या पाण्यात एवढी जीवसृष्टी कशी काय?

मला या विषयातला सर्वात सुंदर प्रश्न हाच वाटतो. उष्ण कटिबंधातलं निळंशार पाणी म्हणजे पोषणाच्या दृष्टीने जवळजवळ वाळवंट. ते निळं दिसतं तेच त्यात फारसं काही तरंगत नाही म्हणून. तरीही समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा व्यापणाऱ्या भित्तींवर सागरी जातींपैकी सुमारे पाव जाती आयुष्याचा काही ना काही काळ काढतात.

उत्तर काटकसरीत आहे. इथे काहीही वाया जात नाही. शैवाल आणि प्रवाळ यांच्यात नायट्रोजन आतल्या आत फिरतं. प्रवाळांमधून पाण्यात झिरपणारं विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य बहुतेक प्राण्यांना खाता येत नाही, पण कपारींमधले स्पंज ते शोषून घेतात आणि झडलेल्या पेशींच्या रूपात परत देतात. ते मग खेकडे आणि कृमी खातात. बोटाच्या पेराएवढे गोबी आणि ब्लेनी मासे झपाट्याने जन्मतात आणि त्याहून झपाट्याने खाल्ले जातात. भित्तीवरच्या मोठ्या माशांच्या अन्नाचा लक्षणीय भाग हे चिमुकले जीव पुरवतात. दिवसा बाहेर चरून रात्री भित्तीत परतणारे, किंवा त्याच्या उलट करणारे मासे बाहेरचं पोषण आत आणून टाकतात.

या काटकसरीची दुसरी बाजू अशी की बाहेरून अचानक भरपूर खत येऊन पडलं, तर ही व्यवस्था समृद्ध होत नाही, बिघडते. त्याबद्दल पुढे सांडपाण्याच्या प्रश्नात.

ब्लीचिंग म्हणजे काय? पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं असतं का?

पांढरं पडलेलं प्रवाळ त्या क्षणी बहुधा जिवंत असतं. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं आणि वर प्रखर ऊन असलं, की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडते आणि पेशींना जाळणारी ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊ लागतात. कालपर्यंतचा पोशिंदा विष देऊ लागतो, तेव्हा प्रवाळ त्याला बाहेर काढून टाकतं. मागे राहतो पारदर्शक देह आणि त्यातून दिसणारा पांढरा सांगाडा. काही प्रवाळं त्याआधी विलक्षण चमकदार निळी-गुलाबी होतात. छायाचित्रात ती मोहक वाटतात, पण तो आजाराचा रंग आहे.

पाणी लवकर निवलं तर उरलेलं शैवाल पुन्हा वाढतं आणि प्रवाळ काही आठवड्यांत, महिन्यांत सावरतं. नाही निवलं तर ते उपाशी मरतं. उष्णता फारच तीव्र असेल तर उपासमारीचीही वाट पाहावी लागत नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या भित्तीच्या उत्तर भागात अनेक प्रवाळं दोन-तीन आठवड्यांत थेट उष्णतेनेच मेली.

वाचलेल्यांवरही परिणाम राहतो. वाढ खुंटते, रोगांशी लढण्याची ताकद घटते, प्रजनन कमी होतं. २०१६ आणि २०१७ च्या लागोपाठ तडाख्यांनंतर ग्रेट बॅरियर रीफवर २०१८ मध्ये नव्याने रुजणाऱ्या प्रवाळ-पिल्लांची संख्या पूर्वीच्या तुलनेत ८९ टक्क्यांनी घसरली होती. मेलेल्या आयांची पिल्लं कुठून येणार?

किती तापमान वाढलं की हे होतं?

वाटतं त्यापेक्षा फार कमी. त्या ठिकाणच्या उन्हाळ्यातल्या सर्वात उष्ण महिन्याचं जे सरासरी तापमान असतं, त्याहून एक अंश सेल्सियस वर गेलं की ताण सुरू होतो. मग प्रश्न येतो तो किती दिवस टिकलं याचा. अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहांच्या मोजणीवरून ‘उष्णता-आठवडे’ काढते. उंबरठ्याहून किती अंश वर आणि किती आठवडे, यांची मागच्या बारा आठवड्यांची बेरीज. ही बेरीज ४ झाली की लक्षणीय ब्लीचिंग अपेक्षित धरतात, ८ झाली की मृत्यू. अलीकडे आकडे इतके वर गेले की इशाऱ्याच्या जुन्या पायऱ्या अपुऱ्या पडल्या आणि नोआला वरच्या नव्या पायऱ्या जोडाव्या लागल्या.

उंबरठा जागेनुसार बदलतो, हे मात्र विसरू नये. पर्शियन आखातातली प्रवाळं उन्हाळ्यात ३५ अंशांच्या आसपास तग धरतात. इतरत्र बहुतेक भित्ती त्या पाण्यात टिकणार नाहीत. म्हणजे प्रवाळं उष्णतेशी जुळवून घेऊच शकत नाहीत असं नाही. त्यांना त्यासाठी हजारो वर्षं मिळाली होती.

समुद्राचं तापमान पूर्वीही वर-खाली व्हायचंच ना? आत्ताच एवढी ओरड का?

कारण दोन तडाख्यांमधली सवड संपत चालली आहे. माझ्या मते या पूर्ण विषयातला कळीचा मुद्दा हा आहे.

जगभर एकाच वेळी पसरलेलं ब्लीचिंग पहिल्यांदा १९९८ मध्ये नोंदलं गेलं, दुसरं २०१० मध्ये, तिसरं २०१४ ते २०१७. चौथं २०२३ मध्ये सुरू झालं आणि एप्रिल २०२४ मध्ये तसं जाहीर झालं. २०२५ च्या वसंतापर्यंत जगातल्या ८४ टक्के भित्तीक्षेत्राला ब्लीचिंग होण्याइतका उष्णतेचा ताण सोसावा लागला होता, ८० हून अधिक देश-प्रदेशांत. शंभर भित्तींचा अभ्यास सांगतो की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एखाद्या भित्तीला तीव्र तडाखा साधारण २५ ते ३० वर्षांतून एकदा बसत असे. २०१६ पर्यंत ते अंतर सहा वर्षांच्या आसपास आलं. ग्रेट बॅरियर रीफचीच यादी पाहा: १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५.

आणि जुनी नोंद म्हणाल तर ती प्रवाळांनीच ठेवली आहे. झाडाच्या खोडात वर्षागणिक वलयं पडतात तशी घट्ट प्रवाळांच्या सांगाड्यात वार्षिक पट्टे पडतात आणि त्यांच्या रासायनिक घडणीवरून तेव्हाचं तापमान काढता येतं. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडच्या कोरल समुद्रातल्या अशा नमुन्यांवरून दिसलं की २०२४ चा उन्हाळा तिथला चारशे वर्षांतला सर्वात उष्ण होता.

फांद्यांची, झपाट्याने वाढणारी प्रवाळं परत यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. मोठी गोलाकार प्रवाळं परत यायला कित्येक दशकं, काही तर शतकं. सहा वर्षांनी पुन्हा घाव बसत असेल, तर हिशेब जमत नाही.

लक्षद्वीपमधल्या दीर्घ नोंदी हेच दाखवतात. १९९८, २०१० आणि २०१६ या तीन तडाख्यांनंतर तिथलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन २०२२ पर्यंत साधारण निम्म्यावर आलं. प्रत्येक वेळी मरणाऱ्या प्रवाळांचं प्रमाण काही वाढत गेलं नव्हतं, उलट कमीच होत गेलं. मंदावत गेलं ते सावरणं.

भित्ती खरंच पुन्हा उभी राहू शकते?

राहू शकते, आणि याचे पुरावे भक्कम आहेत. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला स्कॉट रीफ म्हणून एक अगदी एकाकी भित्ती आहे. १९९८ मध्ये तिथे ७० ते ८० टक्के प्रवाळं मेली. जवळपास दुसरी भित्ती नाही म्हणजे बाहेरून प्रवाळांच्या तरंगत्या अळ्या येण्याची आशा नाही, त्यामुळे ही संपलीच असं अनेकांना वाटलं. पण बारा वर्षांत आच्छादन पूर्वपदावर आलं. थोडी जी वाचली होती तीच वाढली, त्यांची पिल्लं रुजली. कारण तिथे चरणारे मासे भरपूर होते, पाणी स्वच्छ होतं आणि माणसाचा त्रास जवळजवळ नव्हता.

सेशेल्समध्ये १९९८ नंतर ९० टक्क्यांहून जास्त प्रवाळ गेलं. पुढे २१ ठिकाणांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यातली १२ सावरली, ९ ठिकाणी खडकावर माजणाऱ्या शेवाळाने (पेशींतलं शैवाल नव्हे) ताबा घेतला. कुठली सावरली? जिथे पाणी थोडं खोल होतं, जिथे सांगाड्यांची रचना गुंतागुंतीची, कपारींची होती, जिथे शाकाहारी मासे जास्त होते, पिल्लं जास्त रुजत होती आणि पाण्यात पोषकद्रव्यं कमी होती. उष्णता सगळीकडे सारखीच होती. फरक पडला तो नंतरच्या परिस्थितीने.

पोपट माशांचा आणि सी-अर्चिनचा एवढा उल्लेख का होतो?

कारण प्रवाळ मेलं की रिकाम्या सांगाड्यावर हक्क कोणाचा, याची शर्यत लागते. शेवाळ आठवड्यांत पसरतं, प्रवाळाचं पिल्लू वर्षभरात नखाएवढं होतं. शेवाळ खाऊन जागा मोकळी ठेवणारं कोणी असेल तरच पिल्लाला संधी.

कॅरिबियन समुद्रात हे फार दुःखद रीतीने सिद्ध झालं. तिथे अतिमासेमारीने पोपट मासे आधीच घटले होते आणि चरण्याचं काम मुख्यतः डायडेमा नावाच्या लांब काट्यांच्या काळ्या सी-अर्चिनवर येऊन पडलं होतं. १९८३-८४ मध्ये एका रोगाने त्यांतली ९० टक्क्यांहून जास्त मेली. त्याच सुमारास तिथल्या हरणशिंगासारख्या फांद्यांच्या प्रवाळांना पांढऱ्या पट्ट्याचा रोग लागला होता आणि वादळंही झाली. जमैकात प्रवाळाचं आच्छादन ५० टक्क्यांच्या वरून ५ टक्क्यांच्या खाली आलं आणि शेवाळ माजलं. माशांनी सोडलेली कामगिरी एकच प्राणी सांभाळत होता, तोही गेल्यावर मागे कोणी उरलं नव्हतं. २०२२ मध्ये डायडेमावर पुन्हा साथ आली, या वेळी एका सूक्ष्म एकपेशीय परजीवीमुळे.

काही ठिकाणी धडा घेतला गेला. बेलीझने २००९ मध्ये पोपट मासे पकडायला बंदी घातली, बोनेरने २०१० मध्ये.

समुद्र आम्लधर्मी होतोय म्हणजे प्रवाळं विरघळणार का?

समुद्र अजूनही अल्कधर्मी आहे. औद्योगिक काळाआधी पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ होता, आता ८.१ च्या आसपास आहे. ही मोजपट्टी अशी आहे की एवढ्याशा फरकाचा अर्थ हायड्रोजन आयनांमध्ये जवळपास ३० टक्के वाढ असा होतो. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र शोषतो, त्याची ही किंमत. कार्बोनेट आयन कमी झाल्याने प्रवाळाला सांगाडा घडवायला जास्त ऊर्जा लागते.

ग्रेट बॅरियर रीफवरच्या वन ट्री बेटाजवळ शास्त्रज्ञांनी उलटा प्रयोग केला. भित्तीवरच्या पाण्याची आम्लता औद्योगिक काळाआधीच्या पातळीकडे नेली. बांधकामाचा वेग सुमारे सात टक्क्यांनी वाढला. म्हणजे आम्लतेचा फटका आत्ताच बसतो आहे. पापुआ न्यू गिनीत समुद्रतळातून नैसर्गिकरीत्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, तिथे फांद्यांची नाजूक प्रवाळं कमी होऊन गोलाकार प्रवाळांचंच राज्य दिसतं. आच्छादनाचा आकडा फारसा हलत नाही, पण माशांना लपायच्या जागा जातात. तरी आजच्या घडीला उष्णता हाच जास्त जलद मारेकरी आहे.

क्राउन ऑफ थॉर्न्स तारामासा सगळी प्रवाळं खातो, मग त्याला मारून का टाकत नाहीत?

मारतात. पाणबुडे एकेकाला व्हिनेगर किंवा पित्तक्षारांचं इंजेक्शन देतात. एक मोठा तारामासा वर्षाला दहा चौरस मीटरपर्यंत प्रवाळ फस्त करू शकतो, त्यामुळे उद्रेक झाला की हे काम निकडीचं असतं. १९८५ ते २०१२ या काळात ग्रेट बॅरियर रीफवरचं आच्छादन निम्मं झालं, त्यात चक्रीवादळांच्या खालोखाल दोष या प्राण्याचा होता.

पण तो त्या समुद्राचा मूळ रहिवासी आहे, घुसखोर नाही. थोड्या संख्येत असला तर जलद वाढणारी प्रवाळं खाऊन तो इतरांना जागा करून देतो. उद्रेक का होतात यावर एकमत नाही. शेतांतून वाहून आलेल्या खतांमुळे त्याच्या अळ्यांना अन्न वाढतं, आणि त्याला खाणारे प्राणी माणसाने पकडून नेले, ही दोन कारणं सर्वाधिक मांडली जातात. फांद्यांच्या प्रवाळांत राहणारे ट्रॅपेझिया नावाचे इवलेसे खेकडे या तारामाशाचे नळीपाय चिमटे घेऊन त्याला हाकलतात. राहतं घर वाचवायला एवढासा जीव एवढ्या धुडाशी भिडतो.

सांडपाणी आणि गाळ यांचा कितपत परिणाम होतो?

पुष्कळ होतो, आणि तो थांबवणं आपल्या हातात असतं. खतं आणि मैला शेवाळाला पोसतात, गाळ प्रकाश अडवतो आणि पॉलिपांना गुदमरवतो, पिल्लांना रुजायला स्वच्छ पृष्ठभाग उरत नाही. हवाईतल्या कनेओहे उपसागरात अनेक वर्षं मैलापाणी सोडलं जात होतं आणि हिरव्या बुडबुड्यांसारखं शेवाळ प्रवाळांना झाकून टाकत होतं. १९७७-७८ मध्ये ते पाणी खोल समुद्राकडे वळवलं. पाणी निवळलं आणि प्रवाळं परतू लागली, पण काही भागांत ते शेवाळ पुढेही अनेक वर्षं चिवटपणे टिकून होतं. बिघडवणं जलद असतं, पूर्ववत होणं नाही.

संरक्षित क्षेत्र जाहीर करून काय उपयोग? उष्णता तर हद्द ओळखत नाही.

हा आक्षेप खरा आहे आणि टाळून चालणार नाही. २०१६ च्या ब्लीचिंगनंतर ग्रेट बॅरियर रीफवर तपासलं तेव्हा मासेमारीबंदी असलेल्या आणि नसलेल्या, स्वच्छ आणि गढूळ पाण्यातल्या भित्तींमध्ये ब्लीचिंगच्या तीव्रतेत जवळजवळ फरक नव्हता. एवढी उष्णता असली की स्थानिक संरक्षण ढाल म्हणून उपयोगी पडत नाही.

पण तडाखा बसल्यानंतरचं चित्र सेशेल्स आणि स्कॉट रीफने दाखवलं आहे. संरक्षणाचा उपयोग तिथे होतो. फिलिपिन्समधल्या आपो बेटावर १९८२ पासून गावकऱ्यांनी भित्तीचा एक तुकडा मासेमारीतून वगळला. तिथे मोठे मासे वर्षानुवर्षं वाढत गेले आणि लगतच्या पाण्यात मासेमारांच्या हाती लागू लागले. तिथली शिस्त गावानेच राखली, आणि माझ्या मते ते टिकण्याचं मुख्य कारण हे आहे. नकाशावर रेघ मारून मासेमारांना हुसकावणाऱ्या योजना बहुधा कागदावरच राहतात.

काही वेळा भित्तीचं संरक्षण जमिनीवर करावं लागतं. हिंदी महासागरातल्या छागोस द्वीपसमूहातल्या काही बेटांवर जहाजांतून आलेल्या उंदरांनी समुद्रपक्षी संपवले. जिथे उंदीर नाहीत तिथे पक्षी मुबलक, त्यांची विष्ठा पावसाने समुद्रात उतरते, आणि लगतच्या भित्तींवर माशांचं एकूण वजन उंदीर असलेल्या बेटांपेक्षा जवळपास निम्म्याने जास्त आढळलं. उंदीर काढणं हे भित्ती वाचवण्याच्या उपायांत मोडेल असं किती जणांच्या मनात आलं असतं?

प्रवाळं रोपवाटिकेत वाढवून लावता येतात ना? मग काळजी कशाला?

येतात. फांदी तोडून दोरीवर किंवा चौकटीवर वाढवायची आणि मग भित्तीवर बसवायची. मंद वाढणाऱ्या जातींचे अगदी छोटे तुकडे केले तर ते अनेक पटींनी जलद वाढतात आणि शेजारी लावलेले एकाच प्रवाळाचे तुकडे पुन्हा एकजीव होतात. इंडोनेशियात सुरुंगाच्या मासेमारीने भुगा झालेल्या जागी वाळूचा लेप दिलेल्या लोखंडी चौकटी एकमेकींना बांधून त्यांवर प्रवाळं लावली गेली. भुगा लाटांबरोबर लोळत राहतो, त्यावर काहीच रुजत नाही, म्हणून तिथे असा आधार देणं खरोखर उपयोगी ठरलं. चार वर्षांत तिथला बांधकामाचा वेग शेजारच्या निरोगी भित्तीच्या बरोबरीला आला.

आता दुसरी बाजू. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात पाणी इतकं तापलं की संस्थांना रोपवाटिकांमधली प्रवाळं घाईने किनाऱ्यावरच्या टाक्यांत हलवावी लागली. भित्तीवर लावलेली बहुतेक गेली. जगभरचे बहुतेक लागवड प्रकल्प काहीशे चौरस मीटरच्या आत असतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी दीड वर्षही कोणी लक्ष ठेवत नाही. ज्या कारणाने मूळची प्रवाळं मेली ते कारण तसंच असेल, तर नव्याने लावलेली वेगळ्या नशिबाची कशी असतील? भुग्याची जागा, जहाज आपटलेली जागा, दुर्मीळ जातीचा वंश टिकवण्याची निकड, अशा ठिकाणी लागवड जरूर करावी. प्रसिद्धीच्या छायाचित्रासाठी करू नये.

उष्णता सोसणारी प्रवाळं निवडून वाढवता येतील का?

यावर गंभीरपणे काम चालू आहे. अमेरिकन सामोआतल्या ओफू बेटाजवळच्या उथळ डबक्यांत ओहोटीच्या वेळी पाणी ३४ अंशांच्या वर जातं आणि तरीही प्रवाळं जगतात. थंड भागातली त्याच जातीची प्रवाळं तिथे नेऊन ठेवली तेव्हा काही काळात त्यांची सहनशक्ती वाढली, पण मूळ रहिवाशांइतकी नाही. म्हणजे काही भाग सवयीचा, काही वारशाचा. रूथ गेट्स आणि मॅडेलीन व्हॅन ओप्पेन या प्रवाळ-शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मांडलं की निवडक संकर, शैवालाच्या जास्त सहनशील जाती आणि हळूहळू ताणाची सवय यांनी उत्क्रांतीला मदत करता येईल.

याने थोडा काळ हाती लागेल, एवढंच म्हणता येईल. सहनशील शैवाल अनेकदा प्रवाळाला कमी अन्न देतं, त्यामुळे वाढ मंदावते. आणि हजारो किलोमीटर पसरलेल्या भित्तीवर हे करायचं कसं, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही.

प्रवाळं थंड पाण्याकडे किंवा खोल पाण्यात का सरकत नाहीत?

काही सरकताहेत. जपानच्या किनाऱ्यावर काही जाती वर्षाला १४ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने उत्तरेकडे पसरल्याची नोंद आहे. पण ध्रुवांकडे जावं तसा हिवाळ्यातला प्रकाश कमी होतो आणि कार्बोनेटही. तिथे प्रवाळं जगली तरी भित्ती उभी राहीलच असं नाही. खोल पाण्यात अनेक जाती वेगळ्याच असतात आणि तिथेही सुरक्षितता पक्की नाही. २०१९ मध्ये हिंदी महासागराच्या मध्यभागी ९० मीटर खोलीवर ब्लीचिंग आढळलं.

सनस्क्रीनमुळे प्रवाळं मरतात का?

ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं प्रयोगशाळेत प्रवाळाच्या अळ्यांना हानी करतात. हवाई आणि पलाऊ यांनी त्यांवर बंदी आणली. मात्र खुल्या समुद्रात त्यांची तीव्रता सहसा फार कमी असते, आणि उष्णतेच्या तुलनेत हा प्रश्न छोटा आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाण्यात उतरलं की विषय संपतो.

भित्ती पाहायला जाणं योग्य आहे का? गेलो तर काय पाळावं?

जावं. न पाहिलेल्या गोष्टीसाठी कोणी फारसं झटत नाही. प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका, पंखपादुकांनी तळाची वाळू उडवू नका. प्रवाळावर नांगर टाकणाऱ्या नावेतून जाऊ नका, बांधलेल्या बोयाला नाव लावणाऱ्याची निवड करा. माशांना खायला घालू नका. सांगाड्याचा तुकडा मेलेला असला तरी उचलून आणू नका, त्यावर उद्याचं पिल्लू रुजणार असतं. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार नियंत्रित आहे, त्यामुळे सीमाशुल्क तपासणीत अडचणही येऊ शकते.

आता काही आशा उरली आहे का?

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार पृथ्वीचं तापमान १.५ अंशांनी वाढलं तर उबदार पाण्यातली ७० ते ९० टक्के प्रवाळं जातील, २ अंशांनी वाढलं तर ९९ टक्क्यांहून जास्त. या दोन आकड्यांमधला फरक नीट वाचा. अर्धा अंश म्हणजे काहीतरी उरणं आणि जवळजवळ काहीच न उरणं यांतलं अंतर आहे. म्हणून ‘आता उशीर झाला’ हे वाक्य मला पटत नाही. उशीर झालाच आहे, पण तापमानाचा प्रत्येक दशांश दोन तडाख्यांमधलं अंतर ठरवतो, आणि त्या अंतरावर भित्तीचं सावरणं ठरतं. कोळसा, तेल आणि वायू जाळणं कमी केल्याशिवाय या पानावरचा एकही उपाय पुरेसा नाही. आणि उत्सर्जन घटेपर्यंत मासे, पाणी आणि गाळ यांकडे दुर्लक्ष केलं, तर निवलेल्या समुद्रात परत यायला कोणी उरणार नाही.

एखादी भित्ती बरी आहे की खचते आहे, हे सामान्य माणसाला ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. रंग किती उठावदार आहेत यावर जाऊ नका, निरोगी प्रवाळं बहुधा तपकिरीच असतात. एकाच जातीची लहान, मध्यम आणि मोठी प्रवाळं शेजारी शेजारी दिसतात का ते पाहा. सगळी मोठीच असतील आणि बोटाएवढं पिल्लू एकही नसेल, तर आज भरगच्च दिसणाऱ्या त्या भित्तीचं भवितव्य धोक्यात आहे. मोकळ्या खडकावर गुलाबी, कडक पापुद्रा असेल तर उत्तम. ते चुनखडी शैवाल असतं आणि प्रवाळाच्या अळ्या त्यावर रुजणं पसंत करतात. त्याऐवजी गाळ धरून ठेवणारी केसाळ हिरवट-तपकिरी लव असेल, तर जागा अडलेली आहे. खडकावर चोचीचे ताजे ओरखडे दिसले, तर पोपट मासे कामावर आहेत. फांद्या उभ्या पण लवीने झाकलेल्या असतील, तर मृत्यू अलीकडचा. सगळं सपाट भुग्यात गेलं असेल तर जुना. आणि पाण्याखाली डोकं घालून ऐका. जिवंत भित्तीवर टिचकी कोळंब्यांची सतत तडतड चालू असते, माशांचे घुमणारे, खरवडणारे आवाज असतात. माशांची पिल्लं आणि काही प्रवाळांच्या अळ्यासुद्धा याच आवाजांच्या रोखाने घर शोधत येतात, असं ध्वनिक्षेपक लावून केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे.